त्या बरणीत लोणचं घालू नका

मेक्सिकोच्या निळ्या-पांढऱ्या तालावेरा भांड्यांवरचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मावशीने तो ह्यूस्टनच्या सुनेला पाठवला, वर लिहिलं, 'तुझ्या त्या बरणीत लिंबाचं लोणचं घाल, छान मुरेल.' म्हणून हा खटाटोप.

त्या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे: 'आतून कथिल असतं, म्हणजे आपली कल्हईच. आंबट कितीही ठेवा.' अहो, कल्हईवाला नवसागर मारून तापल्या पितळेवर कथिल धातूच फिरवतो. इथे मातीवर काचेचा थर असतो. तो पांढरा दिसावा म्हणून कथिलाची भुकटी आणि काच वितळावी म्हणून शिसं. किती? ही भांडी जिथे घडतात त्या मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या कुंभार-संघाने 1653 मध्ये केलेल्या नियमांतच प्रमाण आहे: उत्तम मालाला 25 पौंड शिशात 6 पौंड कथिल, साध्याला फक्त 2. म्हणजे साध्या भांड्यात कथिलाच्या बारापटीहून जास्त शिसं! भट्टीत भाजताना कसर राहिली की लिंबू, चिंच, आमसूल ते शिसं ओढून घेतात. चवीला काही कळत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर ते फारच बाधतं. आता बिनशिशाचे लेपही निघालेत, पण बाजारातून हौसेने उचललेल्या बरणीला कोणता आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. फुलं ठेवा तिच्यात.

पुढचं वाक्य: 'अझ्टेकांची तीन हजार वर्षं जुनी कला.' अझ्टेक म्हणजे स्पॅनिशांच्या आधीचे मेक्सिकोतले लोक. पुएब्ला वसलं 1531 मध्ये. शेजारच्या चोलुलाची जुनी रंगीत भांडी अप्रतिमच, पण कथिलाचा लेप आणि कुंभाराचं चाक स्पॅनिशांबरोबर आलं.

'निळा रंग भारतातल्या निळीचा.' हजारेक अंशांच्या भट्टीत निळीचं काय उरणार? तो कोबाल्ट या धातूचा. कोरड्या लेपावर कुंचला टेकला की रंग लगेच शोषला जातो, चुकलेली रेघ पुसता येत नाही. काळपट गेलेली रेघ भट्टीतून निळी होऊन येते.

'मूळ कला मुसलमान कुंभारांची.' हे मात्र, चला, खरं. नवव्या शतकात इराकात चिनी पोर्सेलिनची नक्कल करताना हा लेप निघाला आणि पुढे स्पेनमध्ये रुजला. पण 'स्पॅनिशांनी नुसतं नाव बदललं' हे काही पटत नाही. फिलिपिन्समधल्या मनिलाच्या गलबतांतून चिनी माल मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात उतरायचा, पुएब्लावरून पुढे जायचा, आणि तिथले कुंभार तो बघून नक्षी काढायचे.

राहिलं 'युनेस्कोने आरोग्यदायी ठरवलं.' युनेस्कोच्या 2019 च्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत मेक्सिकोतल्या पुएब्ला, त्लास्काला आणि स्पेनमधल्या दोन गावांची भांडी घडवण्याची पद्धत आहे. युनेस्को आरोग्याचे दाखले कधीपासून द्यायला लागली?