साडेसहा पैशांची खैरात

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या आणि भोसरीतल्या कारखानदारांच्या. पहिल्या दोन ठिकाणी नवल नाही, पण तिसऱ्यावर तरी तो यायला नको होता. मजकूर असा: ‘सरकार डिफेन्स स्टार्टअपना कोट्यवधी रुपये फुकट वाटतंय. अमेरिकेत असलं काही नसतं, तिथे कंपन्या स्वतःच्या हिमतीवर आणि गुंतवणूकदाराच्या पैशावर उभ्या राहतात. रणगाडे-विमानं बनवायला गॅरेजवाले कशाला? आणि इतकं वाटून हाती काय, तर प्रदर्शनात मांडायचे नमुने.’ खाली तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. माझं छोटं वर्कशॉप आहे. धातू कापायची संगणकी यंत्रं, म्हणजे दोन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ, बाकी जुनं सामान. अशाच एका स्टार्टअपसाठी मी ॲल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, करून देतो. तेव्हा मी काही तटस्थ नाही. पण मजकूर पाठवणाऱ्यानं निदान माहिती तरी तपासायला हवी होती.

अमेरिकेचा भाग सरळसरळ खोटा आहे. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्यानं १९७७ साली लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे द्यायचा प्रयोग सुरू केला. जुलै १९८२ मध्ये त्याचा देशभरासाठी कायदा झाला. त्यावर सही कोणाची, तर रोनाल्ड रेगन यांची. सरकारनं बाजारात लुडबूड करू नये असं उठताबसता सांगणारे तेच रेगन. या योजनेला एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) म्हणतात. ज्या सरकारी खात्याचं बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचं बजेट दहा कोटी डॉलरच्या वर आहे, त्यानं त्यातला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायचाच, अशी सक्ती आहे. हल्ली हा हिस्सा ३.२ टक्के असतो. कंपनीत पाचशेपेक्षा जास्त माणसं नसावीत, एवढीच ‘लहान’ची व्याख्या. आपल्याकडच्या हिशेबात ती भलतीच मोठी कंपनी झाली, पण ते असो. वर्षाला सुमारे चार अब्ज डॉलर असे जातात, त्यातला सगळ्यात मोठा वाटा संरक्षण खात्याचा, आणि सरकार त्या बदल्यात कंपनीचा एक शेअरही मागत नाही. क्वालकॉम, सिमँटेक, आयरोबोट या तिघांनी लहान असताना हे पैसे घेतलेत.

‘गुंतवणूकदाराच्या पैशावर’ हेही उलटं आहे. सॅब्रिना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अनुदानांचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्याचं छोटं अनुदान मिळालं की पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता दहा टक्क्यांवरून एकोणीसवर जाते, असं त्यांना दिसलं. कारण सोपं आहे. त्या पैशातून नमुना बनतो आणि चालणारी वस्तू बघून गुंतवणूकदार खिशात हात घालतो.

आता ‘फुकट’. आपल्याकडची योजना म्हणजे संरक्षण खात्याची आयडेक्स, एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईजवळच्या डेफएक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात सुरू झालेली. साध्या आव्हानाला, म्हणजे सैन्यानं मांडलेल्या अडचणीवर तोडगा काढायला, जास्तीत जास्त दीड कोटी. तिच्याच मोठ्या कामांच्या पायऱ्यांना, आयडेक्स प्राइमला दहा कोटी, अदितीला पंचवीस कोटी. मजकूरवाल्यांना हे आकडे दिसतात, पण ‘जास्तीत जास्त’ हे शब्द दिसत नाहीत. जोडीला कंपनीला आपला वाटाही घालावा लागतो. अदितीत तर सरकार खर्चाच्या निम्म्याच्या वर जातच नाही. आणि पैसे एकरकमी हातात पडत नाहीत. कामाचे टप्पे ठरलेले असतात, एक टप्पा पास झाला की पुढचा हप्ता.

टप्पा पास होणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. माझी हाउसिंग दिसायला जेवणाच्या डब्याएवढी. आत इलेक्ट्रॉनिक्सचं कार्ड, वर झाकण, मध्ये ओ-रिंग, म्हणजे पाणी-धूळ अडवणारी रबरी कडी. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाला जेएसएस ५५५५५ नावाच्या मानकाप्रमाणे चाचण्या द्याव्या लागतात. भाजायचं, गोठवायचं, हादरवायचं, धुळीत ठेवायचं, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचं. पहिला लॉट फवाऱ्यातून काढून झाकण उघडलं तर कार्डाच्या कोपऱ्यावर पांढरी बुरशीसारखी रेघ. ओ-रिंगची खाच शंभर मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागानं, जास्त खोल होती, त्यामुळे रिंग नीट दबली नाही आणि मीठ आत गेलं. ड्रॉइंगच तसं होतं, म्हणून मी सुटलो. दुसऱ्या लॉटला खाच बरोबर झाली, पण ॲनोडायझिंगनंतर, म्हणजे गंज रोखणारा थर चढवल्यावर, झाकण बसेना. तिसरा लॉट पास झाला. पहिल्या दोन लॉटांचं मटेरियल, माझे मशीनचे तास, लॅबचं चेंबरचं भाडं हे सगळं त्या स्टार्टअपवाल्या पोरांच्या खिशातून गेलं. टप्पा पुरा झालेला नव्हता, म्हणून हप्ताही नव्हता. माझं बिल अडीच महिने थांबलं. त्यांच्यापैकी एकानं स्कूटर विकली, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. ही खैरात असेल तर असली खैरात माझ्या नावावर पडू नये.

रकमेचंही बघा. २०२५-२६ च्या बजेटमध्ये अदिती धरून आयडेक्सला ४४९.६२ कोटी होते. त्याच वर्षीचं संरक्षणाचं एकूण बजेट ६ लाख ८१ हजार कोटींच्या वर. भागाकार करा: शंभर रुपयांत साडेसहा पैसे.

गॅरेजवाल्यांच्या मुद्द्यावर फार बोलायची गरज नाही, कारण त्यांना रणगाडा बनवा असं कोणी सांगितलेलंच नाही. नेत्र हा छोटा ड्रोन आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जनं डीआरडीओच्या पुण्यातल्या आर अँड डीई प्रयोगशाळेबरोबर मिळून केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीची मातंगी ही स्वयंचलित बोट मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे पंधराशे किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. मोठ्या कंपनीला असल्या कामात रस नसतो. ऑर्डर लहान, डोकेदुखी मोठी.

राहिला शेवटचा मुद्दा, प्रदर्शनातले नमुने. इथे मजकूर लिहिणाऱ्याचा नेम अर्धा लागलाय. फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्सखाली ४३० करार झाले होते, पण हे करार वस्तू विकसित करण्याचे. त्यातून सैन्यानं प्रत्यक्ष विकत घेतलेल्या वस्तू त्यामानानं फारच थोड्या. अमेरिकेतही हे दुखणं आहे. तिथे वर्षानुवर्षं नुसती अनुदानंच जिंकत राहणाऱ्या, बाजारात काहीच न उतरवणाऱ्या कंपन्यांना ‘एसबीआयआर गिरण्या’ म्हणतात. २०२२ साली योजनेला मुदतवाढ देताना अशांसाठी निकष कडक केले. ३० सप्टेंबर २०२५ ला ती मुदत संपली तेव्हाही नव्या मुदतवाढीवर तिथल्या संसदेत एकमत नव्हतं, आणि वादाचा एक विषय हाच होता. हॉवेलबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अमेरिकी हवाई दलाची अनुदानं तपासली. ‘आम्हाला नेमकं हे करून द्या’ अशा जुन्या पद्धतीच्या विषयांवर पैसे मिळालेल्या कंपन्यांत फारसा फरक पडलेला नव्हता. ‘तुमच्याकडे आमच्या उपयोगाचं काय आहे ते सांगा’ असे खुले विषय २०१८ पासून आले, त्यांत पडला. तेव्हा योजना कशी आखावी यावर वाद जरूर घाला, मी तुमच्या बाजूनं बोलेन.

पण मजकुराचा रोख अनुदानावरच आहे. गाडी अडते ती अनुदान संपल्यावर. नमुना पास झाला की चाचण्या, आणि संरक्षण खरेदीत एनसीएनसी नावाचा प्रकार आहे, म्हणजे ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’. वस्तू तुमची, ने-आण तुमची, खर्च तुमचा, आणि पास झालात तरी घेऊच असं वचन नाही. मोठी कंपनी हे सहज सोसते. आठ जणांच्या कंपनीचा त्यात सहा महिन्यांचा पगार जातो. आयडेक्सच्या वस्तूंसाठी २०२२ साली खरेदीची पद्धत सुटसुटीत केली. सैन्याची गरज सरकारनं मंजूर केल्यापासून करारापर्यंत साधारण बावीस आठवडे, असं ठरलं. ऐकायला छान आहे. पण मोजणी सुरू होते ती गरज मंजूर झाल्यावर. त्याच्या आधी कागद किती टेबलांवर थांबतो त्याला आठवड्यांची मर्यादा नाही.

माझ्या गिऱ्हाइकाचा कागद गेल्या दिवाळीपासून असाच कुठेतरी आहे. त्या हाउसिंगचं फिक्स्चर, म्हणजे मशीनवर ती पकडून ठेवायचा साचा, माझ्या रॅकवर मधल्या फळीवर पडलंय, त्यावर मशीन लावून देणाऱ्या बिहारी सेटरनं त्याची टोपी ठेवायला सुरुवात केलीय. परवा जागा हवी म्हणून गिऱ्हाइकाला फोन केला, मोडून टाकू का विचारलं. तर म्हणाला, ‘काका, एवढ्यात नको. मार्चपर्यंत थांबा.’ कुठला मार्च ते मी विचारलं नाही.