टोल म्हणजे ‘इतर खर्च’ नव्हे, मंडळी

सकाळी डिसेंबरच्या मेक्सिको ट्रिपची एक्सेल शीट ग्रुपवर येऊन पडली. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

तीन आरव्ही (म्हणजे चाकांवरची घरं, मोटारहोम), तीन कुटुंबं. टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोवरून उतरायचं, मोंतेरे, साल्तियो, सान मिगेल दे आयेंदे आणि पुढे पुएब्ला. शीट बनवणारा मुलगा गुणी आहे, ह्यूस्टनला ऑफिसात हेच काम करतो. पेट्रोल लिटरमध्ये मांडलंय. कॅम्पिंगचे दर पेसोत. मेक्सिकोचा वेगळा विमा धरलाय, कारण आपला अमेरिकन विमा तिकडे चालत नाही हे त्याला ठाऊक आहे. सोबतच्या गाडीच्या परमिटचे 400 डॉलर डिपॉझिटही आहे, ठळक अक्षरात. म्हणजे गाडी वेळेत परत आणली की जे पैसे परत मिळणार आहेत, ते ठळक. आणि टोल? शोधावा लागला मला. सगळ्यात खाली, ‘इतर’ या रकान्यात, बर्फ आणि लाँड्रीच्या शेजारी. त्यावर शेरा: ‘गूगलमध्ये अव्हॉइड टोल्स टाकू, नॉट अ बिग डील.’

अरे बाबा!

ज्यांनी तिकडे गाडी घातलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मेक्सिकोत एका मोठ्या शहरातून दुसऱ्याला जायला बरेचदा दोन रस्ते असतात. एक जुना, फुकटचा, त्याला पाटीवर ‘लिब्रे’ लिहिलेलं असतं. दुसरा टोलचा, ‘क्वोता’. क्वोताच्या नंबरामागे बहुतेक वेळा डी लावलेला असतो: 57 आणि 57 डी, 85 आणि 85 डी. फाट्यावर दोन्ही पाट्या एकदम येतात आणि पंचवीस फुटी घर चालवत असताना तुमच्याकडे निर्णय घ्यायला चार सेकंद असतात. तो निर्णय घरून, टेबलावर बसून, पैसे बाजूला काढून घ्यायचा असतो. एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळा राग.

लिब्रेवर काय असतं? तोपे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरना लाजवतील असे, गावात शिरताना, शाळेसमोर, टपरीसमोर, काही तर रंगसुद्धा न दिलेले. मोटारीतून जाताना पाठ धरते. आरव्हीत कपाटं उघडतात, ताटं खाली येतात आणि मागचा बंपर घासतो. वर साखरेच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रक पुढे, ओव्हरटेकला जागा नाही. मग दोन तासांचा रस्ता चार तास घेतो, अंधार पडतो, आणि मेक्सिकोत रात्री आरव्ही चालवायची नाही हा नियम आपण सगळेच मानतो. बोला, वाचले पैसे?

आता आमच्या ताईचा किस्सा. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसून बसून स्पॅनिश शिकली, आणि आमच्या प्रत्येक ट्रिपची अर्थमंत्री. पुएब्लाच्या वाटेवर एका नाक्यावर खिडकीतल्या मुलीने मान बाहेर काढून आमची मागची चाकं पाहिली आणि बटण दाबलं. पाटीवर आकडा उमटला तो मोटारीच्या जवळजवळ दुप्पट. ट्रकचा दर! ताई म्हणाली, हे घर आहे, कासा रोदांते, ट्रक नाही. ती म्हणाली, मागे दोन-दोन चाकं आहेत, सेन्योरा. ताई म्हणाली, आत कुकर आहे, देव्हारा आहे, ट्रकमध्ये देव्हारा असतो का? मुलगी खळखळून हसली. आकडा काही बदलला नाही. मागे ट्रेलरवाला भोंगा वाजवायला लागला, ताईने पैसे मोजले, पावती घेतली, आम्ही निघालो.

आणि पुढच्या नाक्यावर, त्याच रस्त्यावर, खिडकीतल्या माणसाने मान वरसुद्धा केली नाही. मोटारीचा दर घेतला.

हे आहे मेक्सिकोच्या टोलचं बजेट. दर छापलेले असतात: मोटारसायकल, मोटार, बस, ट्रक, आणि पुढे प्रत्येक जादा ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, वेगळे. मागे छोटी गाडी किंवा ट्रेलर ओढत असाल तर मोटारीच्या दरावर प्रत्येक जादा ॲक्सलला साधारण निम्मा दर आणखी. दोन ॲक्सलची गाडी मागे लावली की मोटारीचा टोल तिथेच दुप्पट. पण तुमची मोटारहोम मुळात मोटार की ट्रक, हे त्या दिवशी खिडकीत कोण बसलंय त्यावर. म्हणून हिशोब चढ्या दराने धरायचा. कमी घेतले तर त्या पैशांचे ताकोस खायचे.

आपल्या शीटमध्ये ॲक्सलचा रकानाच नाही. तीन गाड्यांना एकच आकडा. एकाच्या मागे जीप, एकाची व्हॅन, एकाची दुहेरी चाकांची, आणि तिघांना टोल सारखाच. हे कुठलं गणित?

वाहतूक मंत्रालयाचं मार्ग आखायचं संकेतस्थळ आहे. त्यात कुठून कुठे, गाडीचा प्रकार, जादा ॲक्सल किती हे टाकलं की नाक्यागणिक आकडे येतात. स्पॅनिशमध्ये आहे, पण आकडे तर वाचता येतात ना? अर्ध्या तासाचं काम. आकडे पेसोत येतात, ते पेसोतच ठेवा. गेल्या काही वर्षांत एका डॉलरला कधी 17 पेसो मिळाले, कधी 20. टोल तोच, पण डॉलरमध्ये मांडलेली शीट खोटी पडते. आणि दर बदलत असतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या कुणाच्या ब्लॉगवरचा आकडा चिकटवू नका.

बरं, मान्य करते. साल्तियोहून दक्षिणेला मातेवाला गावाकडे जाणारा 57 चा मोठा टप्पा फुकट आहे, चौपदरी आहे आणि झकास आहे. तिथे टोलच्या नावाने गळा काढायची गरज नाही. झालं समाधान?

पण ‘अव्हॉइड टोल्स’ एकदा चालू केलं की गूगलला असली निवड कळत नाही. तो सरसकट टाळतो. दुरांगोहून मासातलानला जाताना तो तुम्हाला जुन्या रस्त्याने काढेल, ज्याच्या एका पट्ट्याला तिथले लोक सैतानाचा कणा म्हणतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणावर समोरून ट्रक. 2013 साली शेजारून 40 डी सुरू झाला. साठाहून जास्त बोगदे, शंभराहून जास्त पूल, आणि बालुआर्तेचा पूल तर दरीपासून 400 मीटरवर. सहा तासांचा प्रवास तीनच्या आत आला. मी त्या पुलावरून जाताना डोळे मिटले होते (गाडी नवरा चालवत होता, काळजी नसावी). तिथला टोल महाग आहे. मी तो हसत भरला. ज्याला तो वाचवायचा आहे त्याने माझ्या मागे गाडी लावू नये.

मेक्सिको सिटीला वळसा घालणारा आर्को नोर्तेसुद्धा असाच. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. आकडा बघून पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू. पण शहरात परदेशी नंबरप्लेटनाही ठराविक दिवशी गाडी चालवायची बंदी लागते. त्यात आरव्ही घेऊन अडकलात तर टोल परवडला म्हणाल.

आणि रोख. कार्ड सगळीकडे चालेल असं धरू नका, डॉलर तर नकोच. 500 पेसोंची नोट दिली की खिडकीतला माणूस असा बघतो की जणू आपण त्याचा खून केला. ताईकडे सुट्ट्यांचा वेगळा डबा असतो, म्हणून ट्रकवाल्याच्या भोंग्याखालीही ती शांत राहिली. ओक्सोच्या दुकानात टोल आपोआप कापणारा टॅग मिळतो, तो घ्या हवं तर, पण डबा सोडू नका.

पावत्या टाकू नका, हेही ताईचंच. टोलच्या पावतीत त्या रस्त्यापुरता वापरणाऱ्याचा विमा असतो. रस्त्यामुळे गाडीचं काही झालं तर दावा करताना ती पावती मागतात. आमचा टायर फुटला होता एकदा, क्वोतावरच. हिरव्या गाडीतून आंखेलेस वेर्देस आले, सरकारी मदतवाले, नंबर 078. त्यांनी उन्हात वाकून चाक बदलून दिलं, मजुरीचे पैसे घेतले नाहीत. ताईने बळेच चकल्या दिल्या.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण ताई नाक्यावर शेवटी त्या मुलीला काय म्हणाली ते आठवलं. पावती घेताना विचारलं, तू घरी जाताना टोल भरतेस का ग? ती म्हणाली, नाही सेन्योरा, मी लिब्रेने जाते.

आपल्याला टोल चुटकीसरशी परवडतो. तिला नाही, आणि मागे भोंगा वाजवणाऱ्यांतल्या कितीतरी ट्रकवाल्यांनाही नाही. हे उगाच झालेलं नाही. 1989 ते 1994 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सालिनास यांच्या सरकारने टोल रस्ते बांधून काही वर्षं टोल वसूल करायची 52 कंत्राटं खासगी कंपन्यांना दिली. आणि ती कुणाला, तर जो कमीत कमी वर्षांत रस्ता सरकारला परत देईल त्याला. मग थोड्या वर्षांत पैसे वसूल करायचे म्हणून दर आभाळाला. ट्रकवाले जुन्या रस्त्यावरच राहिले, अंदाजाइतकी वाहनं आलीच नाहीत, 94 च्या डिसेंबरात पेसो कोसळला. 1997 मध्ये सरकारने 23 रस्ते कर्जासकट गळ्यात घेतले. म्हणजे तिथल्या माणसाने न वापरलेल्या रस्त्याचे पैसे करातून भरले. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला तेव्हा याच ग्रुपवर आपण नाचलो होतो. मग त्यांचा संताप आपल्याला कळायला काय हरकत आहे?

कळतो म्हणून तर दक्षिणेच्या ओआहाका-गेरेरो राज्यांकडे नाक्यावर लोक डबे घेऊन उभे दिसले की मी कपाळाला आठ्या घालत नाही. आंदोलकांनी नाका ताब्यात घेतलेला असतो, फाटक वर असतं, शिक्षक किंवा विद्यार्थी ‘कोओपेरासिओन’, म्हणजे वर्गणी, मागतात. द्यायचे, हसायचे, पुढे जायचं. वाद नाही, व्हिडिओ तर अजिबात नाही. पावती मिळत नाही. शीटमध्ये त्यालाही एक ओळ हवी. आणि कृपा करून तिला ‘लाच’ असं नाव देऊ नका, परवा एकाने दिलं होतं.

लिब्रेच्या बाजूनेही बोलतील लोक. गावं दिसतात, गोर्दितास (मक्याच्या भरलेल्या जाड भाकऱ्या) मिळतात, बाजार लागतो. खरंय, सगळं खरंय. त्यासाठी आरव्ही कॅम्पात लावा आणि छोट्या गाडीने जा की! मागे ओढून आणलीय कशाला, जादा ॲक्सलचे पैसे भरून?

असो. टोलची ओळ मी पेट्रोलच्या खाली, ठळक करून, गाडीप्रमाणे वेगळी टाकतेय. तिघांनी खाली उतरून मागची चाकं एकेरी की दुहेरी ते बघावं आणि रविवारपर्यंत मला कळवावं. शीटवाल्या मुलाने राग मानू नये, त्याच्या आईला मी ओळखते.

आता खाली कुणीतरी लिहीलच की एवढं डोकं खाण्यापेक्षा विमानाने जा. जा ना बाबा. मोंतेरेच्या विमानतळावरचा टॅक्सीवाला किती घेतो ते मात्र परत येऊन मला सांगू नका.