नाद बदलू द्या, पण सोडायची रीत शिका

'आते हाई काय नवं काढं रे भो?' म्हणजे, आता हे काय नवीन काढलंस? ज्याचे नाद सारखे बदलतात त्याला आपल्या खान्देशात हा प्रश्न घरात, ओट्यावर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा राग धरू नये. त्याला माळ्यावरची वाजवायची पेटी दिसते, कपाटातले रंग दिसतात आणि त्यात गेलेले पैसे दिसतात. त्यातून काय शिकलात ते त्याला दिसत नाही, कारण बहुतेक वेळा तुम्हीही ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

माझं मत सरळ आहे. नाद बदलणं हा दोष नाही. तो कसाही, अर्धवट, लपवून सोडणं हा दोष आहे.

आपल्याकडे मोठी नावं घेऊन समजूत घालायची सोय आहेच. धुळ्यात वारलेले इतिहासाचार्य राजवाडे इतिहासाची साधनं, व्याकरण, शब्दांची व्युत्पत्ती, समाजशास्त्र असे फिरत राहिले. चाळीसगावचे केकी मूस फोटोग्राफीसोबत चित्रं, शिल्पं, ओरिगामी, सतार यांतही रमले. पण राजवाड्यांचे विषय बदलले तरी कागद गोळा करून टिपण ठेवायची सवय तीच राहिली आणि मूस यांची फोटोग्राफी मध्यभागीच राहिली. हा भाग लोक सोयीने गाळतात.

कपाशीत मूग का जमतो ते शेतकऱ्याला विचारा. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, कपाशी फांद्या पसरून जमीन झाकायच्या आत. एक लांब मुदतीचं, एक लवकर हाती येणारं. नादांचंही तसंच बसवा. पोटापाण्याचं काम वेगळं, ते दर सहा महिन्यांनी बदलायचं नाही. त्याच्या जोडीला वर्षानुवर्षं चालेल असा एक नाद आणि दोन-तीन महिन्यांत काहीतरी हाती देणारा दुसरा. एका वेळी चालू नाद तीनच्या वर गेले की एकही नीट होत नाही. चौथा डोक्यात आला तर वहीत नाव आणि तारीख लिहा. महिन्याभरानेही ओढ तशीच असेल तर बघू.

आता मुख्य अडचण: खरंच मन भरलंय की कुठेतरी अडकल्यामुळे कंटाळा आलाय, हे ओळखायचं कसं? मोडी लिपी घ्या. अक्षरं पंधरा दिवसांत ओळखू येतात, माणूस खूश होतो. मग खरा जुना कागद समोर येतो आणि एक ओळही लागत नाही. इथेच बहुतेक जण 'आपला विषय नाही' म्हणून उठतात. कारण साधं आहे. पुस्तकात अक्षरं सुटी असतात. कागदावर लेखणी न उचलता एकाला एक जोडून लिहिलेलं असतं, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळलेला नसतो आणि संक्षेप असतात ते वेगळेच. उपाय असा: एकाच लेखकाच्या हातची, एकाच प्रकारची पाच-सहा पत्रं घ्या. सुरुवातीचं 'राजमान्य राजश्री', पुढचं 'विनंती विशेष', शेवटचं 'बहुत काय लिहिणे' हे मायने ठरलेले असतात, ते आधी शोधा. त्यातून त्या लेखकाचा र कसा, ज कसा, ष कसा ते कळतं आणि तीच किल्ली मधल्या मजकुराला लावायची.

म्हणून सोडायच्या आधी स्वतःला एकच विचारा: शेवटचं काय करत होतो? उत्तर एखाद्या ठरावीक जागी बोट ठेवत असेल (मोडीची जोडणी, गिटारचा एफ कॉर्ड) तर ती अडचण आहे. जाणकार माणूस गाठून तिला दोन आठवडे द्या. एफ कॉर्डला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. ते घराच्या धातूच्या पट्टीजवळ आणि किंचित कडेवर ठेवा, सराव पाचव्या घरात सुरू करा, तिथे दाबायला कमी जोर लागतो. पण सगळं ठीक चाललंय आणि तरीही हात तिकडे वळत नसेल, तर मन भरलंय. खुशाल सोडा.

सोडायच्या दिवशी वहीत एक पान लिहा. कुठपर्यंत आलो, पुढची पायरी काय होती, सामान कुठे ठेवलंय, कुणाला विचारत होतो, कोणतं प्रमाण आपल्याला लागू पडलं. नाद दोन-तीन वर्षांनी परत येतात, हे अशा माणसाला कधी ना कधी कळतंच. हाताची सवय बऱ्यापैकी टिकते. आकडे, मापं आणि माणसांची नावं मात्र साफ विसरतात.

पैशांचं थोडक्यात. पहिला महिना काहीही विकत घ्यायचं नाही. उसनं, भाड्याने किंवा मोबाईलवर भागवा. मग घ्यायचं ते शक्यतो दोन नादांना चालेल असं घ्या. दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची तर आठ गुणिले बेचाळीसची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी बघायला तीच आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री कृत्तिका बघायलाही तीच. कशाला तरी टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चंद्रही दिसतात. पहिल्याच आठवड्यात टेलिस्कोप घेणाऱ्यांचा टेलिस्कोप पुढे कपडे वाळत घालायला कामाला येतो. वर्गाची फीही महिन्याची भरा, वर्षाची सवलत घेऊ नका.

ऋतूही बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की भटकंती, बागकाम रेटायचं नाही. दुपारी घरात बसून होईल असा नाद तेव्हासाठी राखून ठेवावा.

'याचाच धंदा कर ना' म्हणणारा भेटेलच. पहिले दहा केक शिकण्यात गोडी असलेल्याला शंभराव्या केकची ऑर्डर म्हणजे शिक्षा. ज्याला तेच काम पुन्हा करण्यात सुख आहे त्याने जरूर करावा.

आणि सामान. तीन महिने हात लागला नाही तर विका किंवा शिकणाऱ्याला द्या. पडून राहिलं की कॅमेऱ्याच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरते, सेल आत राहिले तर पाझरून पत्र्या खातात, पेटीचा भाता उंदीर कुरतडतात. देताना वहीतल्या त्या पानाची नक्कल सोबत द्या. नवीन माणसाचे पहिले पंधरा दिवस वाचतात.