‘परिपत्रक वाचायला वकील कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

डिजिटल कर्जाच्या करारात वकील नेमकं काय तपासतो, या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकाने प्रतिक्रिया दिली आहे. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती अशी:

‘आरबीआयचं परिपत्रक वेबसाइटवर फुकट आहे. ते वाचून “चालेल” किंवा “चालणार नाही” एवढं सांगायला तुमच्यासारखे दलाल लाखांची बिलं लावतात. खरं काम पळवाटा शोधण्याचं. प्रीपेड कार्डावर कर्ज द्यायच्या धंद्याला वकिलांनीच हिरवा कंदील दाखवला, तो बंद करायला शेवटी रिझर्व्ह बँकेलाच यावं लागलं. कर्जदाराच्या बाजूने तुमच्यातलं कोण उभं राहतं? आणि लेख इंग्रजी संक्षेपांनी भरलेला आहे.’

शेवटची तक्रार रास्त आहे. संक्षेप जास्त होते. इथे बँक किंवा एनबीएफसीला (बँक नसलेल्या वित्तसंस्थेला) मी ‘कर्जसंस्था’ म्हणते आणि ग्राहक आणून देणाऱ्या, ॲप चालवणाऱ्या कंपनीला ‘ॲप कंपनी’.

आता ‘दलाल’. मतभेद असावेत, पण अनोळखी माणसाच्या पोटापाण्याच्या कामाला पहिल्याच वाक्यात शिवी देऊन कोणती चर्चा होते? दलालाला व्यवहार झाला तर पैसे मिळतात. माझ्या क्षेत्रात ‘हा व्यवहार असा करता येणार नाही’ असं लिहून दिल्यावरही तेवढंच बिल होतं, आणि पुष्कळदा तेच लिहून द्यावं लागतं. वकिलीत येण्याआधी मी एका एनबीएफसीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागात होते. सल्ला मागणारी बाजू आणि देणारी बाजू, दोन्हीकडून मी हे काम केलं आहे. तुम्ही कोणत्या बाजूने पाहिलंत, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसत नाही.

तुमच्या एका वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे: परिपत्रक वाचून फक्त ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ सांगायचं असतं, हे. चला, वाचू या. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि त्यांच्या जागी आलेल्या ८ मे २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांत एक नियम कायम आहे. कर्जाची रक्कम कर्जसंस्थेकडून थेट कर्जदाराच्या बँक खात्यात गेली पाहिजे, हप्ता थेट कर्जसंस्थेच्या खात्यात आला पाहिजे, आणि मध्ये ॲप कंपनीचं किंवा दुसऱ्या कुणाचं खातं असता कामा नये. झालं वाचून. आता ग्राहक काउंटरवर ३०,००० रुपयांचा फोन हप्त्यांवर घेतो आणि पैसे दुकानदाराला जातात. चालेल की नाही?

यासाठी अपवाद आहे. ठरावीक कारणासाठी दिलेलं कर्ज थेट अंतिम लाभार्थ्याच्या खात्यात देता येतं. दुकान एकच असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. पण खरेदी ऑनलाइन बाजारपेठेवर झाली असेल तर विक्रेता तिसराच असतो. पैसे आधी बाजारपेठेच्या एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात) पडतात आणि कमिशन कापून नंतर विक्रेत्याला मिळतात. मग अंतिम लाभार्थी कोण? मध्ये पेमेंट ॲग्रिगेटर (ग्राहकाचे पैसे गोळा करून विक्रेत्याला पोचवणारी कंपनी) असेल तर आणखी एक पायरी वाढते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा केला: निव्वळ पेमेंटचं काम करणारा ॲग्रिगेटर या सूचनांच्या बाहेर, पण तोच ॲप कंपनीचंही काम करत असेल तर त्याला त्या लागू. तो त्यात मोडतो की नाही, हे परिपत्रकात शोधून सापडणार नाही. त्याच्या करारातल्या कामांच्या यादीत ते सापडतं, आणि ती यादी बहुधा जोडपत्रात असते.

म्हणून आम्ही आधी पैशांच्या प्रवासाचा तक्ता मागतो. प्रत्येक खातं कोणाच्या नावावर, त्यावर सही कोणाची, पैसे किती वेळ थांबतात, हे त्यात हवं. मग काही प्रत्यक्ष कर्जांची बँक स्टेटमेंट मागतो आणि वाटपापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत एकेक नोंद त्या तक्त्याशी ताडून पाहतो. घोटाळा इथे उघडा पडतो. तक्त्यात हप्ता थेट कर्जसंस्थेकडे जाताना दाखवलेला असतो, पण ऑटो-डेबिटचा मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) जुन्या व्यवस्थेतला, ॲप कंपनीच्या नावावरचाच राहिलेला असतो. पैसे रात्री तिथे जमा होऊन सकाळी पुढे गेले, तरी ते तिसऱ्याच्या खात्यातूनच गेले. किंवा ग्राहक फोन परत करतो, दुकानदार परतावा ॲप कंपनीला पाठवतो, आणि कर्ज खात्यावर व्याज चालूच राहतं. वाटप आणि वसुली सगळे तपासतात, परताव्याचा रस्ता कुणाच्या ध्यानात नसतो. थकलेल्या कर्जाची रोख वसुली हा वेगळा मामला. तिला थेट परतफेडीच्या नियमातून सूट आहे, पण वसूल झालेली पूर्ण रक्कम कर्जदाराच्या खात्यावर दिसली पाहिजे आणि एजंटाचा मोबदला कर्जसंस्थेने स्वतंत्रपणे दिला पाहिजे. आणलेल्या रोखीतून कमिशन कापून घेतलं की नियम मोडला.

हमीचं प्रकरण याहून किचकट. कर्जं बुडाली तर काही तोटा ॲप कंपनी सोसेल, अशी हमी ती कर्जसंस्थेला देते. ८ जून २०२३ ला रिझर्व्ह बँकेने या हमीला परवानगी दिली, पण चौकट आखून. हमी त्या कर्जसंचाच्या (ती ज्या कर्जांसाठी दिली त्या गटाच्या) ५ टक्क्यांपर्यंतच, आणि ती फक्त रोख ठेव, कर्जसंस्थेच्या नावे बोजा असलेली मुदत ठेव किंवा बँक गॅरंटी या रूपात. कंपनीच्या लेटरहेडवरची हमी चालत नाही. हप्ता थकल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत ती वापरावी लागते. हमी असली म्हणून थकलेलं कर्ज एनपीए (अनुत्पादक) ठरवणं लांबवता येत नाही. हे तुम्हीही वाचू शकता, मान्य. पण ५ टक्के कशाचे? ६० कोटींचा संच ठरवला आणि आजवर २४ कोटी वाटले, तर आजची कमाल हमी १ कोटी २० लाख, ३ कोटी नव्हे. कारण मोजणी वाटलेल्या रकमेवर होते. त्यातले ४० लाख एकदा वापरले गेले की नंतर वसुली आली म्हणून हमी पुन्हा तेवढी भरून घेता येत नाही. आणि संच ठरलेला हवा. बुडणारं कर्ज बाहेर काढून चांगलं आत घालत राहायचं, असा फिरता संच चालत नाही. कितीतरी मसुद्यांत ‘वेळोवेळी समाविष्ट होणारी कर्जे’ हे शब्द सहज म्हणून टाकलेले असतात. ते चार शब्द पूर्ण रचना बेकायदा करू शकतात.

त्याहून अवघड असते लपलेली हमी. हमीच्या करारात ५ टक्के स्वच्छ लिहिलेले असतात. पण सेवा कराराच्या फीच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं की थकबाकी ठरावीक टक्क्यांच्या वर गेली तर त्या तिमाहीची फी परत करायची. किंवा ‘मार्केटिंग डिपॉझिट’ नावाची रक्कम असते आणि ती जप्त होण्याची अट थकबाकीला बांधलेली असते. किंवा ९० दिवस थकलेली कर्जं ॲप कंपनीनेच विकत घ्यायची. नाव काहीही द्या, आधी ठरवून संचाच्या कामगिरीला जोडलेली अप्रत्यक्ष हमीही याच मर्यादेत मोजली जाते. म्हणून सेवा करार, हमीचा करार, फीचं परिशिष्ट आणि साइड लेटर (मूळ कराराबाहेरचं पत्र) एकत्र मांडूनच वाचावे लागतात. वकिलाने सही दिल्यानंतर दोन्हीकडच्या बिझनेसवाल्यांनी ईमेलवर फी बदलायची आणि ती ईमेल कुणाला दाखवायची नाही, इथेच बहुतेक रचना फसतात. आमच्या ओपिनियनमध्ये (लेखी कायदेशीर मतात) कोणते दस्तऐवज पाहिले आणि काय गृहीत धरलं याचा लांबलचक भाग असतो, तो यासाठीच. तुम्ही त्याला ‘पानं भरणं’ म्हणाल. तपासणीला आलेला अधिकारी तो भाग सगळ्यात आधी उघडतो.

आता कर्जदाराला द्यायच्या तथ्यपत्रकातला (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणाऱ्या पत्रकातला) वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे शुल्क धरून कर्जाचा वार्षिक खर्च, घ्या. २०,००० रुपये, ६ समान मासिक हप्ते, घटत्या शिलकीवर २४ टक्के, म्हणजे हप्ता साधारण ३,५७० रुपये. आधीच ७०० रुपये शुल्क कापलं तर हातात १९,३०० येतात, आणि खरा वार्षिक दर जवळपास ३७ टक्के होतो. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने कर्जसंस्थेने वसूल केलेलं पण विमा कंपनीसारख्या तिसऱ्याला द्यायचं शुल्कही या दरात धरायला लावलं. पत्रकात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. पत्रक त्याला समजेल अशा भाषेत हवं. इथे घडतं असं की इंग्रजी पत्रकात नवं शुल्क चढतं आणि मराठी साच्यात जुनंच राहतं. मग एकाच कर्जाचे दोन दर कागदावर येतात. ही गणितं आम्ही स्वतः करून पाहतो. कायद्याची पदवी त्यासाठी पुरत नाही. एक्सेल उघडून बसावं लागतं.

आणि हे सगळं कर्जसंस्था नोंदणीकृत असेल तर. ॲप कंपनी स्वतःचाच पैसा वाटत असेल तर आधी रिझर्व्ह बँक अधिनियमाचं कलम ४५-आयए (नोंदणीशिवाय असा धंदा करायला मनाई करणारं) येतं, आणि महाराष्ट्रात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. नोंदणीकृत एनबीएफसींना केरळ आणि गुजरातचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवलं. ते संरक्षण नोंदणी नसलेल्या कंपनीला मिळत नाही.

चुकीच्या सल्ल्याची किंमत काय असते? ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार एनबीएफसींना नवी कर्जं मंजूर करायला आणि वाटायला मनाई केली. त्यात व्याजदर ठरवण्याच्या धोरणाचा मुद्दा मुख्य होता. कर्ज देणं हाच ज्या संस्थेचा धंदा, तिला कर्ज देणं बंद करावं लागलं. संचालक मंडळ अशा वेळी ‘परिपत्रक फुकट होतं, आम्ही वाचलं होतं’ असं उत्तर देऊ शकत नाही.

पळवाटांबद्दल फार लिहीत नाही. एवढा मोठा आरोप करायचा तर एक तरी कलम दाखवा. प्रीपेड कार्डांचं म्हणाल, तर कार्डात पैसे कशाने भरता येतात याची यादी मूळ निर्देशांतच होती आणि क्रेडिट लाइन (आधीच मंजूर केलेली कर्जमर्यादा) त्या यादीत नव्हती. २० जून २०२२ च्या पत्राने तेच स्पष्ट केलं. यादी नीट वाचणाऱ्याला उत्तर आधीही मिळत होतं. तेव्हा कोणी कोणाला काय सल्ला दिला, याच्या खोलात मी जाणार नाही.

फी जास्त असते का? असते. ती कंपनी देते, तुम्ही नाही.

कर्जदाराच्या बाजूने कोण, हा प्रश्न विचारण्याआधी तुम्ही योजना वाचायला हवी होती. फुकट उपलब्ध आहे, तुम्हीच म्हणता. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या व्यवस्थेत) तक्रारदार स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तक्रार करू शकतो, पण तो प्रतिनिधी वकील चालत नाही, वकील स्वतःच पीडित असेल तेवढा अपवाद. आधी कर्जसंस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जायचं. शुल्क नाही. नुकसानीपोटी आणि मनस्तापापोटी ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई लोकपाल देऊ शकतात. सोबत तथ्यपत्रक, कर्जकरार आणि खात्याचं स्टेटमेंट जोडा. ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी किंवा फोटो मागितले असतील तर त्या परवानगीच्या पडद्याचा स्क्रीनशॉटही जोडा, कारण निर्देशांनुसार ते मागताच येत नाही. कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन फक्त नोंदणी किंवा केवायसीच्या वेळी, एकदाच आणि स्पष्ट संमतीने.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्याकडे खरंच एखादा करार असेल आणि त्यातली पळवाट वकिलाने घातली आहे असं वाटत असेल, तर नावं झाकून ते कलम आणि फीचं परिशिष्ट, दोन्ही इथे टाका. नुसतं कलम नको. परिशिष्टाशिवाय त्यावर मी काही बोलू शकणार नाही.