गॅस झाला असन

ही पोस्ट भाचीला विचारून लिहितेय. "लिही मावशी, पण माझं नाव नको टाकू," म्हणाली, म्हणून नाव नाही.

वय १७. दोन वर्षांपासून तिचं पोट दुखायचं. रोज नाही, महिन्यातून तीन-चारदा. कधी लग्नातलं जेवण झालं की, कधी तर्री-पोहे खाल्ले की, कधी काहीच न खाता. "मावशी, पोट दुखून राह्यलं" असा फोन आला की मीही सगळ्यांसारखंच सांगायची. गॅस झाला असन, ओवा खा, बेंबीला हिंग लाव. परीक्षेच्या दिवसांत दुखलं तर टेन्शन, पाळीच्या आसपास दुखलं तर "त्यात काय, सगळ्यांनाच दुखते." ॲसिडिटीच्या गोळ्या घरात इतक्या साचल्या की त्यांचा डबा वेगळा झाला. एका डॉक्टरांनी तर पोटाला हातही न लावता चिठ्ठी लिहून दिली. मधे एकदा डोळे पिवळे दिसले, तेव्हा आजीनं गावाकडं नेऊन कावीळ उतरवून आणली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांचं समाधान झालं.

मला राग आहे तो या समाधानाचा. एकदा "गॅस" म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

यंदा मार्चमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी तो विचारला. नेमकं कुठं दुखतं, तिथून कुठं सरकतं, जेवल्यावर किती वेळानं, किती वेळ राहतं, झोपेतून उठवतं का? पोरीनं सगळं धडाधड सांगितलं. उजव्या बरगडीखाली, तिथून मागं उजव्या खांद्याकडं, तेलकट खाल्ल्यावर तासाभरात, मग दोन-तीन तास. तिला सगळं माहीत होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. आम्हाला वाटलं, कारण सापडलं. पण डॉक्टर म्हणाले, सतराव्या वर्षी खडे का झाले, हे बघायला पाहिजे. हिमोग्लोबिन ८ होतं. पुढच्या तपासणीत सिकलसेल आलं, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

सिकलसेल म्हणजे गडचिरोलीकडच्या जंगलातला आजार, असा माझा समज होता. नागपुरात, आमच्याच घरात असेल असं मनातही आलं नव्हतं. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, सिकलसेलमध्ये १० ते २० दिवसांत फुटतात. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. डोळे पिवळे झाले ते त्यानंच, आणि पित्ताशयात त्याचेच खडे झाले. काही न खाता दुखायचं ते वेगळंच. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आतल्या अवयवांना रक्त पुरत नाही आणि पोट पिळवटतं. शरीरातलं पाणी कमी झालं की हे वाढतं. नागपूरचा मे महिना, आणि कॉलेजमधलं संडास घाण म्हणून पोरगी दिवसभर पाणीच पीत नव्हती. म्हणजे दुखणी दोन होती, आणि आम्ही दोन्हींना गॅस म्हणत होतो.

प्रत्येकाच्या पोटदुखीमागं सिकलसेल नसतं. आमच्या बाबांना अल्सर झाला तेव्हा सगळ्यांनी सावजीला दोष दिला. त्यांनी सावजी सोडलं, पण गुडघ्याची गोळी सोडली नाही, आणि जठराचं अस्तर दुबळं केलं होतं त्या गोळीनंच. अल्सरचं दुसरं मोठं कारण एच. पायलोरी नावाचा जंतू. ते शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं, तरी आपण अजून तिखटापाशीच अडकलोय. उजवीकडं खाली दुखतं, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, तर आतड्याचा टीबी असू शकतो. संडासला जाऊन आल्यावर दुखणं हलकं होत असेल, सगळे रिपोर्ट चांगले असतील आणि तरी महिनोन्महिने चालत असेल, तर आयबीएस, म्हणजे आतड्यांच्या कामातला बिघाड, असू शकतो. तेही खरं दुखणं आहे, मनाचे खेळ नाहीत. पण डांबरासारखं काळं संडास, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री जागं करणारं दुखणं, यांतलं काहीही असेल तर स्वतःच्या मनानं गोळ्या खात बसू नका. वरच्या पोटात एकदम दुखून दरदरून घाम आला, तर ते हृदयाचंही असू शकतं. तेव्हा ओवा शोधू नका, दवाखाना गाठा.

घरातले काही जण म्हणाले, फेसबुकवर टाकू नको, पोरीचं लग्न व्हायचं आहे. लग्नासाठीच तर हे माहीत पाहिजे! आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे अंगात आजाराचा दोष असून स्वतः आजारी नसले, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. ताई आणि भाऊजी दोघंही वाहक निघाले. त्यांना कोणी कधी तपासलंच नव्हतं. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात धरली आहे. बोटातून थेंबभर रक्त लागतं.

भाचीला आता हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू आहे. पाण्याची बाटली सोबत असते. खड्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय.

माझाही रिपोर्ट आला. मी वाहक आहे. माझ्या दोन्ही लेकरांची तपासणी या सोमवारी आहे.