‘शिकवा आणि गप्प बसा’ म्हणणाऱ्या काकांना

काका (प्रोफाइलवर रिटायर्ड शिक्षक लिहिलंय म्हणून काकाच म्हणते), तुमची कमेंट तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की संस्थेने शिकवायचं काम करावं, रेसिझम वगैरे अमेरिकेतली भांडणं बडोद्यात आणू नयेत, मुलं निरागस असतात आणि असं उघड लिहिलं की डोनर पळतात.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. वस्तीतल्या मुलांचे संध्याकाळचे फुकट क्लास घेणारी एक संस्था आहे, मी पण तिथे दोन वर्षं जातेय, तिथे टांझानियाहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला एक मुलगा सातवीला गणित शिकवायचा, मस्त शिकवायचा, पोरं त्याला आधी पाठीमागे आणि मग तोंडावर हबसी (म्हणजे हबशी, आफ्रिकन), कालिया म्हणायला लागली, दोनतीन पालकांनी ‘हा नको’ सांगितलं आणि कमिटीने ‘टायमिंग जमत नाहीये’ म्हणून त्याचं येणं बंद केलं. तो एकदाही उशिरा आला नव्हता हो! ब्रोशरवर मात्र अजून त्याचाच फोटो आहे, फळ्यापाशी हसताना.

निरागस म्हणाल तर मुलं हे शिकतात कुठून? २०२० साली पश्चिम बंगालमध्ये वर्धमानच्या एका शाळेत इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात ‘यू फॉर अग्ली’ आणि बाजूला काळ्या माणसाचं चित्र निघालं, दोन शिक्षिका सस्पेंड झाल्या. म्हणजे शिकवलंच जातं की. आणि आमची गंमत बघा, संस्थेने गेल्या वर्षी मुलांना अहमदाबादला सीदी सय्यदच्या मशिदीतली दगडी जाळी दाखवायला नेलं, सगळ्यांनी फोटो काढले, पण ती मशीद १५७२-७३ च्या सुमाराला बांधवून घेणारा माणूस स्वतः हबशी होता हे कोणी सांगितलंच नाही. मी पण नाही. तेव्हा सांगितलं असतं तर पोरांच्या तोंडी तो शब्द शिवी म्हणून आला असता का, कोण जाणे.

आता अमेरिकेचं. या टांझानियाच्या मुलासाठी इथेच वाघोडिया रोडला रूम बघायला मी बरोबर फिरले आहे. फोनवर हो, दारात उभं राहिलं की नाही. तुम्ही जुने बडोदेकर, तुम्हाला यावरून काहीच आठवलं नाही? सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ ला अमरेलीत सुरू केलं, १९०६ ला सगळ्या संस्थानात नेलं. त्यांच्याच स्कॉलरशिपवर १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबियाला गेले, १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि राहायला जागा नाही. पारशी सराईत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. दोन मित्रांकडे विचारलं, दोघंही शिकलेले, दोघांनीही अडचण सांगितली. मग रात्रीच्या गाडीपर्यंत कमाटीबागेत बसून राहिले, जिथे आपण रविवारी पोरांना फिरायला नेतो. सक्तीच्या शिक्षणात तेव्हा बडोदा सगळ्यांच्या पुढे होतं आणि तरी हे झालं. मला खटकतात ते काठीवाल्यांपेक्षा ते दोन मित्र. आपली कमिटी त्या मित्रांसारखी वागली. वाईट कोणीच नाही, फक्त टायमिंग जमत नाही.

म्हणून ‘शिकवायचं तेवढं शिकवा’ मला पटत नाही. क्लासमध्ये कोणाला उभं राहू द्यायचं हे ठरवणं पण शिकवणंच आहे, सातवीच्या तीस पोरांनी गणिताच्या आधी तेच शिकून घेतलं.

डोनरचं मला माहीत नाही, हिशोब मी बघत नाही.

एक मात्र तुमचं बरोबर, पालकांना मी जरा जास्तच झोडपलं. त्यांच्याशी कोणी बसून बोललंच नव्हतं, कमिटीही नाही आणि मीही नाही. आणि पहिल्यांदा पोरं हबसी म्हणाली तेव्हा मी तिथेच वह्या तपासत होते, ‘ए, गप्प बसा’ म्हटलं आणि हसून सोडून दिलं. मागच्या पोस्टमध्ये हे लिहायचं टाळलं होतं.

सोमवारी कमिटीला पत्र दिलंय. त्याला परत बोलवा, खरं कारण सांगून माफी मागा, पालकांची मीटिंग घ्या, आणि तोवर ब्रोशरवरचा फोटो काढा. तिघांच्या सह्या आहेत. अजून उत्तर नाही, आलं की इथेच टाकते, तुमच्या बाजूचं असलं तरी.