दात येतो एकाला, ठणका सगळ्या घराला

आमच्या बाबला, म्हणजे आमच्या तान्ह्या पोराला, एकही दात नव्हता तेव्हापासून त्याच्या तोंडात सगळ्या वाड्याचा हात आहे, म्हणजे अगदी खराखुरा हात. जो येईल तो "बघू बघू, आला काय?" म्हणत सरळ बोट घालणार. हात धुतला का विचारलं तर पाहुणे रुसतात, नाही विचारलं तर बाबचं पोट बिघडतं, आणि मग तेच पाहुणे सांगतात की दात येताना जुलाब व्हायचेच. अहो दातांमुळे जुलाब होत नाहीत, या वयात पोरं चप्पल, रिमोट आणि तुमचं बोट असं सगळंच तोंडात घालतात म्हणून होतात. तापाचंही तेच, अंग जरासं कोमट लागलं तर ठीक, पण १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की दातावर ढकलून घरी बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. हे सांगितलं की आई म्हणते, "तुला कधी डॉक्टरकडे नेलं होतं रे दातासाठी?" आता यावर काय बोलणार.

त्यात हे सगळं ऐन पावसाळ्यात. म्हापशाचा जुलै, आणि बाबची लाळ, दोन्हीला उसंत नाही. लाळेरं बांधलं की ओलं, दुसरं बांधलं की तेही ओलं, आणि वाळत कुठे घालणार, बाल्कनीत आधीच माझ्या पँटी चार दिवस टांगलेल्या. शेवटी फॅनखाली दोरी बांधली, आता हॉलमधून किचनमध्ये जायचं तर वाकून जावं लागतं आणि तरी एखादं लाळेरं तोंडावर फटकन बसतंच. लाळेने हनुवटी लाल होते ती वेगळीच, ती टिपायची, घासायची नाही, हे मी स्वतःच्या बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप जाऊन लाळेरी पिळत बसलो.

उपायांना तर तोटाच नाही. शेजारची आंटी म्हणाली, "ताका दांत येतात रे, आनी कितें, कांकणां दी!" पोदेराकडचं, म्हणजे पाववाल्याकडचं, ते बांगडीसारखं कडक कांकण म्हणजे दिसायला अगदी टीथर, पोरांचं चावायचं खेळणं, पण चहात बुडवल्याशिवाय आपल्या दाताला ऐकत नाही, आणि हिरड्यांनी चघळून मोडलाच तुकडा तर सरळ घशात. नको म्हटलं, मी खाल्लं. काकी मध घेऊन आल्या, हिरडीला चोळायला. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो, हे मी म्हटल्यावर काकी म्हणाल्या नाव तरी सोपं सांग. ते सुन्न करणारं जेल पण कोणीतरी आणून दिलं, तेही परत, दोन वर्षांखालच्यांना बेंझोकेनवालं जेल लावत नाहीत. शेवटी चाललं काय तर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) गार केलेला स्वच्छ ओला कपडा आणि धुतलेलं बोट. इतकं साधं की कोणालाच पटत नाही.

पण खरा ताण होता तो बाबच्या मामाला. आमच्याकडे म्हणतात, वरचे दात आधी आले तर मामाला जड. मेव्हणा वास्कोला असतो, इंजिनिअर आहे, "मी असलं काही मानत नाही" असं रोज सकाळी फोन करून सांगायचा आणि मग खालच्या आवाजात विचारायचा, "पण खालचे ना?" बहुतेक पोरांना खालचे पुढचे दोन आधी येतात, साधारण सहा महिन्यांपासून पुढे, पण कोणाला वरचे आधी आले म्हणून काही बिघडत नाही. तरी त्याच्या समाधानासाठी टॉर्च मारून फोटो पाठवले. बाब त्या फोटोत एखाद्या रागावलेल्या सरपंचासारखा दिसतो.

आले एकदाचे, खालचेच. आणि मग कळलं की दात येणं सोपं, घासणं कठीण. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करायचा, मऊ, लहान डोक्याचा, फ्लोराइडवाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. "दुधाचेच तर, पडणारच ना" हा आईचा मुद्दा, पण त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात, आणि येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात नेलं, वर्षाच्या आत दाखवावं म्हणतात म्हणून, तिथे त्यांनी पद्धत दाखवली: दोघांनी समोरासमोर गुडघे टेकवून बसायचं, पोराचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे. घरी मी पाय धरतो, बायको घासते, आई आरती म्हणते. पोरगं किंचाळतं तेव्हाच तोंड उघडतं, तेवढ्यात घासून घ्यायचं.

रात्रीच्या दुधाच्या बाटलीवरून मात्र घरात अजून शीतयुद्ध आहे. बाटली तोंडात ठेवून झोपवलं की दूध दातांवर साचतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, ते वाचतात, मार बसतो वरच्या पुढच्यांना, आधी हिरडीजवळ पांढरट रेघ येते. मेव्हण्याला समजावलं, वरचे जड गेले तर बाबला जातील, तुला नाही. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण काकींनी उतारा सांगितलेला म्हणून मी चांदीची वाटी घेऊन ठेवलीय, ती आता सोनार परत घेणार काय?"